पाकिटातला रेझिस्टर

धाकट्याचं पत्र अकरा वर्षं उत्तराविना पडून होतं. “दादा, दवाखान्याच्या वाटेत गाडी बंद पडली आणि आई गेली. कॉइल जळाली म्हणे. मी फार पळवली का रे? खरं सांग.” दादाचं ज्ञान पुस्तकी. किल्ली सोडताच धाकट्याच्या गाडीचं इंजिन बंद पडायचं, म्हणून ठिणगी देणाऱ्या कॉइलकडे जाणारी वीज आवरणारा निकामी रेझिस्टर काढून त्यानंच तार थेट जोडली होती. ‘अशानं कॉइल तापते, गाडी लांब नेऊ नये’ ही ओळ पुस्तकात पेन्सिलीनं अधोरेखितही केली. धाकट्याला सांगायची तेवढी राहिली. आज पोस्टातल्या बाईंनी दादाचं पाकीट तळहातावर तोललं. “आजोबा, पत्रात दगड घातलाय की काय?” “रेझिस्टर. भावाच्या गाडीतला.” आत एकच ओळ होती: ‘चूक तुझी नव्हती, तार मी जोडली.’ पाकीट परत घ्यायला त्याचा हात पुढे झाला. “मारू ना शिक्का?” “मारा,” तो पुटपुटला, “लवकर मारा.”