तनुजाचा हात

उड्डाणशाळेच्या प्रत्येक विमानात आता तनुजा गावितचा हात होता. तिच्या हातांचं कसब उतरवून घेतलेलं यंत्र विमान उतरवताना सुकाणूचा दांडा स्वतःच सांभाळायचं. तिला उडायला शिकवलं होतं पाठारे सरांनी, आणि यंत्रासाठी हात मात्र तिचे निवडले गेले. हे सरांना भारी सलत होतं.

आज सर विमान घेऊन उतरायला आले, तेव्हा डावीकडचा वारा अचानक उजवीकडून येऊ लागला. धावपट्टी पुढ्यात असताना यंत्राने दांडा ओढला आणि विमान पुन्हा वर न्यायला घेतलं.

"भित्री कुठली!" म्हणत सरांनी यंत्र बंद केलं.

पुढच्याच झोताने पंख उचलला. विमान सरांना आवरेना. ते धावपट्टी सोडून गवतात घुसलं आणि नाकावर आपटलं.

धावपट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या तनुजानेच धावत येऊन त्यांना बाहेर काढलं.

"तुझा हात ऐन वेळी पळ काढतो," कपाळाचं रक्त पुसत सर म्हणाले.

"पण सर, वारा फिरला की हट्ट करायचा नाही, सरळ वर जायचं, हे तुम्हीच माझ्या बोटांवर पट्टी मारून शिकवलंत ना?"

सरांना ती पट्टी आठवली. धडा त्यांचा होता आणि लक्षात तिच्या हाताच्या राहिला, हे त्यांना कपाळावरच्या जखमेपेक्षा जास्त झोंबलं.