पार्टनर बदला

“बाबा, माझ्याबरोबर नाचतोस का?”

हे शाळेच्या जिममध्ये सगळ्यांसमोर विचारून दाखव, अशी पैज मोना आणि अनया या मैत्रिणींनी लावली होती. गेल्या वर्षी वर्गात हात वर करायला घाबरणाऱ्या स्वानंदीने ते खणखणीत आवाजात विचारलं. तेही बँड थांबलेला असताना! नुसता तिला सोडायला आलेला बाबा बिचारा उठला.

मागच्या वर्षी शाळेच्या या शनिवारच्या स्विंग नाइटला, जुन्या जोडीनाचाच्या कार्यक्रमाला, कुत्रंही फिरकत नव्हतं. यंदा अमेरिकेतल्या या कॅरी गावात घरोघरी लेऑफ झाले आणि इथे पार्किंग मिळेना. बँडचे सर म्हणाले, यात नवल काय? नव्वद वर्षांपूर्वी देशभर कामं नव्हती, तेव्हाच हे ट्रम्पेट-ड्रमचं संगीत रेडिओवरून घराघरात शिरलं. खिसे रिकामे, पण नाचाचे हॉल भरलेले.

बाबाची नोकरीही मे महिन्यातच गेली होती. घरात हुकूम एकच, कुणाला सांगायचं नाही. विचारलं तर, “बाबा वर्क फ्रॉम होम करतो.” ही थाप मारून स्वानंदी दर वेळी घाईने विषय बदलायची. मराठी मंडळाच्या रेणू काकूंना चुकवायला तर ते मंडळाच्या गणपतीलाही गेले नव्हते.

सरांनी सगळ्यांना गोलात उभं करून स्टेप्स शिकवल्या. बाबाने दोनदा तिचा पाय तुडवला. तेवढ्यात आरोळी आली, “पार्टनर बदला!”

बाबासमोर नेमक्या रेणू काकू. शेजारीच नाचणाऱ्या स्वानंदीने कान टवकारले.

“काय हो संग्राम, दिसत नाही हल्ली! सध्या कुठे?”

“मी... एक, दोन... वर्क... तीन, चार...” पावलंही मोजायची आणि थापही मारायची, बाबाला काही जमेना. “अहो, नोकरी गेली माझी!”

“आमच्या अमितचीपण. मार्चमध्येच. डावा पाय, डावा!”

बाबा दचकून थांबला. मग खो खो हसत सुटला. पुढच्या पार्टनरला त्याने न विचारताच सांगून टाकलं. त्याच्या पुढच्या आजींनाही. परतताना गाडीत तो चक्क शीळ घालत होता.

घरी आईने दारातच विचारलं, “कुणी काही विचारलं नाही ना गं?”

स्वानंदीने शूज भिरकावले.

“आई, बाबा, ऐका. मी डिसाइड केलंय. यापुढे कुणी विचारलं ना, की बाबा काय करतो, तर सांगणार, आठवडाभर नोकरी शोधतो आणि शनिवारी नाचतो!”