दहा किलोचा पाइप

धाकट्या भावाच्या टायरच्या दुकानात थोरला टेबलावर वाकून घरी बनवलेल्या हवेच्या तोफेच्या सांध्याला कान लावून उभा होता. शेजारी हवेचा कॉम्प्रेसर धडधडत होता. रविवारी मॅच संपली की प्रेक्षकांत टी-शर्ट उडवून दाखवतो, असं तो क्लबात छातीठोकपणे सांगून बसला होता.

धाकटा दुकानात शिरला आणि दारातूनच ओरडला.

"दादा, बंद कर ते! प्लास्टिकच्या पाइपात हवा भरतोस?"

"अरे, दहा किलो दाबाचा पाइप आहे, छापलंय त्यावर. मी सहाच भरतोय. सकाळी पाणी भरून तपासला, थेंब गळला नाही." थोरला पडला प्लंबर. पाण्यात जन्म गेलेला.

"पाण्याचं वेगळं. पाणी फुटलं तर भिजवतं. हवा फुटली तर कापते. पोलादी टाकी आणतो म्हटलं होतं ना मी?"

"तू मला पाइप शिकवणार?"

धाकटा बटणाकडे झेपावला. थोरल्यानं त्याला असं ढकललं, की तो भिंतीवर जाऊन आदळला. वर थोरला हसला आणि त्यानं पुन्हा सांध्याला कान लावला.

मग त्या घरात कधी झालं नव्हतं ते झालं. धाकट्यानं थोरल्यावर हात उचलला. ठोसा जबड्यावर बसला, ओठ फाटला. कॉलर धरून त्यानं भावाला ट्रकच्या टायरांमागे फरफटत नेलं आणि छातीवर बसला. थोरल्यानं त्याचा गळा आवळला.

"माझ्यावर हात टाकतोस? हाडं मोडीन तुझी!"

तोफ फुटली.

टायरांवर सटासट काहीतरी आपटलं. टी-शर्टाच्या चिंध्या सगळीकडे उडाल्या.

आई दुकानामागच्या घरातून धावत आली. थोरल्याचं तोंड रक्तानं माखलेलं.

"कोणी मारलं याला?"

"मी," धाकटा म्हणाला.

हाताला लागली ती केरसुणी उचलून तिनं धाकट्याला बडवायला सुरुवात केली. तो डोक्यावर हात धरून मार खात राहिला.

थोरला कसाबसा उठला. टेबलामागच्या लाकडी कपाटात पाइपाची सुरीएवढी कपची रुतली होती. त्यानं ती दोन्ही हातांनी उपटली.

"आई, नको मारूस त्याला. माझी मान होती इथं. यानं ओढलं मला."

आईनं कपची पाहिली, कपाट पाहिलं. केरसुणी खाली टाकली. मग थोरल्याकडे वळली आणि त्याच्या धड राहिलेल्या गालावर सगळ्या ताकदीनिशी ठेवून दिली.