आडबंदरात पाणी किती

“आजपासून ह्येका कोणी इस्तो देव नको, पाणी देव नको. माझो झील म्हणान कोणी माझी भीड धरू नको!” आनंदी म्हणाली आणि देवळाच्या पायरीवर जाऊन बसली.

सातेरीच्या देवळासमोर सगळी वाडी जमली होती. महादू गावकर गाऱ्हाणं घालायला उभा राहिला आणि पुन्हा पुन्हा आनंदीकडे बघू लागला. गावाने माणूस वाळीत टाकल्याचं त्याने पाहिलं होतं. आईने पोटचा पोर टाकलेला पाहिला नव्हता. शेवटी त्याने हात जोडले.

“जो कोण गावाच्या पोटार पाय देता, तेका गावापासून वेगळो कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” वाडी म्हणाली. सगळ्यांत मोठा आवाज आनंदीचा.

सून विमला खांबाला टेकून रडत होती. तिला वाटलं, ह्या बाईच्या छातीत देवाने काळीज घालायचं सोडून नांगर घातला असावा.

आनंदीच्या मुलाने, सत्यवानाने, केलं होतं ते असं. चीनच्या लढाईच्या आदल्या वर्षी एका कंपनीच्या मनात आलं की आडबंदरच्या किनाऱ्यावर तेलाच्या टाक्या बांधाव्यात. मोठ्या बोटी आत येणार, पाण्यातून नळ टाकणार आणि वाडी जिथे रापणीचं जाळं ओढते ती पुळण तारेच्या कुंपणात जाणार. मुंबईच्या गोदीत राबून आलेला गंगाराम म्हणाला, “तेलाच्या पाण्यातलो बांगडो भाजूचो लागणा नाय. इस्तो दाखवलो की आपणच पेटता.” लोक हसले. मग हसू ओसरलं. पुळण गेली तर खायचं काय?

ठराव झाला, की पाणी किती खोल ते मोजायला कंपनीचा साहेब येईल त्याला कोणी होडी द्यायची नाही.

आणि सत्यवानाने दिली. दिली ती दिली, वर स्वतः वल्ही मारायला बसला.

आता तो पुळणीच्या टोकाला झावळांच्या खोपीत राहत होता. विमलाने त्याच्यासाठी पेज झाकून नेली, तर आनंदीने मडकं हातातून काढून घेतलं.

“गावाच्या आदी माझ्या घरानच ठराव मोडूचो काय गो?”

“आये, ते उपाशी आसत.”

“साहेबाचो पाव खातलो. जेका होडी दिल्यान, तोच तेचा पोट भरतलो.”

ओहोटीला वाडीतल्या बायका कालवं काढायला कंबरभर पाण्यात उतरत. आनंदी त्यात सर्वांत पुढे. चाळीस वर्षं त्या पाण्यात उभी राहिलेली बाई. पुरुष ज्या पाण्यावरून वल्हवत जात, ते तिला तळपायाने ठाऊक होतं. सत्यवानाची होडी दिसली की ती हातातली कोयती उगारून ओरडे, “ये, ये! आवशीच्या अंगावरसून ने होडी, मेल्या! तितकाच रवला आसा!”

“कोण ही बाई?” साहेबाने एकदा विचारलं.

“आवस माझी,” सत्यवान खाली मान घालून म्हणाला.

साहेब हळहळला. खोली वावांत मोजायची शिशाचा गोळा बांधलेली दोरी पाण्यात सोडत म्हणाला, “चल, पुढे घे. तू नेशील तिकडे.”

विमलाने खडपावरून हे ऐकलं आणि लाजेने तोंड फिरवलं.

आठव्या दिवशी साहेब बिछाना बांधून देवळापाशी आला. वाडी गोळा झाली.

“उगाच भांडलात तुम्ही,” तो म्हणाला. “इथे बोट येणारच नाही. जुन्या नकाशात सहा वाव पाणी दाखवलंय. मला दोन वावांवर कुठे सापडलं नाही. सगळा गाळ नाहीतर खडक.”

“म्हणजे टाक्यो नाय?” महादूने विचारलं.

“मी तसंच लिहिणार. पावसाळ्यानंतर दुसरा साहेब येऊन एकदा ताडून बघेल, मग कागद बंद. त्यालाही सांगून ठेवतो, होडीला सत्यवानच घे. ह्या वाडीत माझा भरवसा त्या एकट्यावर.”

साहेब गेला तशी वाडीने देवीपुढे नारळ फोडले. देवीनेच गाळ भरून बंदर बुजवलं, असं जो तो म्हणू लागला. महादू आनंदीपुढे हात जोडून उभा राहिला.

“वयनी, झाला ता झाला. पोर चुकलो. तेका आता घरात घेवया.”

“तुमी घेवा तुमच्या घरात. मगे माझ्या मयताक येव नको.”

“अगो, पण आता टाक्यो येवचे नाय...”

“टाक्यो येवचे नाय, म्हणान तो काय देवमाणूस झालो?”

तेव्हा विमला उठली. लग्नाला सहा वर्षं झाली, सासूसमोर तिचा आवाज कधी चढला नव्हता.

“गावान माफ केल्यान, तुमका करूक जमणा नाय! असली आवस वैऱ्याक गावा नको!”

तिने दोन लुगडी गाठोड्यात बांधली आणि पुळणीची वाट धरली. आनंदीने तिला अडवलं नाही. “जा, तूय जा! एका पिंडात दोघांचा उरकतंय,” एवढं मागून ऐकू आलं.

सत्यवान खोपीबाहेर बसला होता. गालफडं बसली होती. विमलाला बघून तो घाईने उठला.

“आयेन माका घरात घेतल्यान?”

“नाय,” विमला हुंदका आवरत म्हणाली. “महादूकाका हात जोडीत होते. तरी नाय.”

सत्यवानाने मोठा श्वास सोडला आणि मटकन वाळूत बसला. आठ दिवसांत पहिल्यांदा तो हसत होता.

“बरा झाला. माका भिया होता, दुसरो साहेब येवच्या आदीच तिचा काळीज पातळ होता काय म्हणान.”

विमलाने गाठोडं वाळूत ठेवलं.

“सहा वाव पाणी अजून आसा गो बंदरात,” तो हळूच म्हणाला. “दोन वाव खंय खंय आसा, ता आयेन कोयती उगारून दाखवल्यान.”