मोत्यासारखं अक्षर

“सर, हे वाक्य पुस्तकातलं नाही. खरं आहे,” प्रेसवाली म्हणाली.

मास्तरांनी वही नाकाशी धरली. परदेशी गिऱ्हाइकांपुढे कामगारांची दातखीळ बसू नये म्हणून कारखान्याने दर गुरुवारी कँटीनमध्ये इंग्रजीचा वर्ग काढला होता. आजचा वाक्प्रचार ‘टर्न अ ब्लाइंड आय’. अर्थ : दिसत असून न पाहणे. वाक्यात उपयोग करा.

बाकीच्यांनी पुस्तकातलं उदाहरण जसंच्या तसं उतरवलं होतं. प्रेसवालीने इंग्रजीत लिहिलं होतं, ‘पत्रा कापायच्या माझ्या प्रेसची जाळी काढून ठेवली आहे. जाळी असली की हात वाचतात, पण माल कमी निघतो. सुपरवायझर टर्न्स अ ब्लाइंड आय.’

“वा! आणि अक्षर तर काय, मोत्याचे दाणे!”

“अक्षर जाऊ द्या हो, सर. तुम्ही मॅनेजरसाहेबांबरोबर चहा घेता. त्यांना एवढं दाखवाल? आम्ही तोंड उघडलं तर नोकरी जाईल.”

“दाखवाल काय? आत्ता दाखवतो!”

मास्तर शब्दाचे पक्के. चहा येण्याआधीच त्यांनी वही पुढे केली. मॅनेजरसाहेबांनी चष्मा लावला, पान हातभर लांब धरलं आणि म्हणाले, “छापल्यासारखं आहे हो!” मास्तरांची छाती फुगली. त्या दिवशी चहाबरोबर बिस्किटंही आली. वही परत गेली ती दहापैकी दहा गुण आणि शेरा घेऊन : ‘अक्षर उत्तम. असेच ठेवावे.’

पुढचे पाच गुरुवार प्रेसवालीची जागा रिकामी होती. मास्तरांनी हजेरीत पाच फुल्या मारल्या. कुणी काही सांगितलं नाही. वर्गात इंग्रजीशिवाय बोलायचं नाही, हा नियम मास्तरांचाच होता आणि तेवढं इंग्रजी अजून कुणाला येत नव्हतं.

सहाव्या गुरुवारी ती आली. शेवटच्या बाकावर बसली. उजवा हात शालीत होता, तो तासभर बाहेर आला नाही. उजळणी म्हणून मास्तरांनी तोच वाक्प्रचार दिला.

घरी त्यांनी तिची वही उघडली. उपयोग अचूक होता. सुपरवायझरच्या जागी या वेळी ‘सर’ होते, एवढंच. पण अक्षर? कोंबडीचे पाय! ओळी उतरणीला लागलेल्या, शाई फासलेली. चाळीस वर्षांच्या अनुभवाने मास्तरांनी रोग तत्काळ ओळखला. पाच गुण कापले आणि लाल शाईने, ठसठशीत लिहिलं :

‘डाव्या हाताने लिहू नये.’