पारख्याची झोप

पारख्याने डोळे उघडले तेव्हा गादीच्या पायथ्याशी वकील बसला होता. आधी वाटलं, हेही स्वप्नातलंच. खिडकीतून आलेल्या उन्हात कापसाचे बारीक तंतू तरंगत होते. ते वर चाललेत की खाली येताहेत, कळत नव्हतं. मग वकिलाने घसा खाकरला. स्वप्नात कुणी घसा खाकरत नाही.

“किती वेळा?” पारख्याने सवयीने विचारलं.

“चारदा,” खिडकीजवळच्या खुर्चीतून बाई म्हणाल्या.

म्हणजे चारदा कूस बदलली. गाद्यांच्या या कारखान्यात माल पारखायची हीच रीत होती. नव्या गाठीतल्या कापसाची एक गादी भरायची, दुपारी तिच्यावर एकाने झोपायचं आणि दुसऱ्याने शेजारी बसून कुशी मोजायच्या. पाचाच्या आत निघाल्या तर माल ठेवायचा, नाहीतर गाठी आल्या वाटेने परत. पूर्वी मालकीणबाई स्वतः झोपत. त्यांची कंबर धरली तेव्हापासून झोपायचं काम खरेदी पाहणाऱ्या पारख्याकडे आलं आणि मोजायचं बाईंकडे. झोपणारा आपणहून जागा होईपर्यंत खोलीत कुणी ब्र काढायचा नाही.

“कुंभकर्णाची झाली असेल तर बोलू का, मावशी?” वकील बाईंचा भाचा होता. तासभर तोंड मिटून बसल्याने घायकुतीला आला होता.

बोलणं थोडक्यात असं होतं. कापसाचे एक मोठे व्यापारी गेल्या महिन्यात वारले. कपाट आवरताना त्यांच्या मुलांना एक कागद सापडला आणि तो त्यांनी जसाच्या तसा बाईंकडे पाठवून दिला. त्यानुसार तीन वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांनी पारख्याला तळ्याकाठचं दोन खोल्यांचं घर दिलं होतं. बदल्यात आधी त्यांच्या गाठी घ्यायच्या, उरलं तर इतरांच्या.

पारखी गादीवरच बसून राहिला. पाय खाली टेकले होते, पण जमीन लागत नव्हती. तो एवढंच म्हणाला, की माल कधी वाईट नव्हता, भाव वाढवून दिला नव्हता, बाईंचं दमडीचं नुकसान झालेलं नाही. हे वाक्य त्याने मनात इतकी वर्षं घोळवलं होतं की ते नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत झालं होतं.

वकील म्हणाला, कायदा नुकसान विचारत नाही. मालकाच्या कामाच्या जोरावर नोकराच्या पदरात जे लपून पडलं ते मालकाचं. मग ती रोकड असो की घर. तेव्हा घर मावशीच्या नावावर करून द्या, नाहीतर कोर्टातून घेऊ. “हां, आता मालकाला सांगून घेतलं असेल, त्याची ना नसेल, तर मग ती लाच नव्हे. पण तसं काही…”

“त्यांनी मला सांगितलं होतं,” बाई म्हणाल्या. “मी नाही म्हटलं नव्हतं.”

वकिलाचं पेन कागदावर थांबलं.

पारख्याला ते घर दिसलं. तळ्यावरून येणारा स्वच्छ वारा दिसला, जणू वाऱ्यालाही रंग असावा. बायकोने बारा वर्षं याच कारखान्यात पिंजणयंत्रावर काढली होती. छातीत कापूस बसला होता तिच्या. जुन्या खोलीत ती भिंतीला टेकून, बसून झोपायची. तळ्याकाठी गेल्यापासून आडवी होऊन झोपू लागली. तो मात्र तिच्याशेजारी टक्क जागा असायचा, तिचा श्वास ऐकत. त्याला झोप लागायची ती इथंच, बाईंच्या देखत.

आता फक्त गप्प राहायचं होतं. या खोलीत गप्प राहणं हा तर नियमच होता.

बाईंना विसर पडत असेल. किंवा त्याच्या बायकोची कणव आली असेल. गादी दोन बोटं आखूड निघाली तरी गिऱ्हाइकाने विचारण्याआधी सांगून टाकणाऱ्या बाई. त्या आज त्याच्यासाठी खोटं बोलल्या होत्या. घर घेतल्याचं ओझं त्याने तीन वर्षं वाहिलं होतं. हे मात्र त्याला क्षणभरही उचलेना.

“नाही, बाई. माझ्यापायी तोंड विटाळू नका. मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. घर घेतलं, आणि तुमच्यासमोर येऊन गप्प राहिलो.”

त्याने हात पुढे केला. वकिलाने पेन दिलं. घर बाईंच्या नावावर करून देणाऱ्या कागदावर त्याने सही केली.

वकिलाने विचारलं, घर कधी रिकामं करता?

“थांब रे,” बाई म्हणाल्या. “घर आता माझं ना?”

“तुझंच, मावशी. कायद्याने पक्कं.”

“मग त्यात कोण राहील ते मी ठरवीन. रिकामं घर लवकर म्हातारं होतं.” त्या पारख्याकडे वळल्या. “बायकोला म्हणावं, तळ्याकडची खिडकी उघडी ठेवत जा.”

वकिलाने कागदांची घडी केली, पुन्हा उलगडली. त्याला भलतंच काहीतरी खुपत होतं. “हे असंच करायचं होतं, तर मघाशी खोटं का बोललीस? तू, मावशी?”

“खोटं कुठलं?” बाईंनी गादीवर पडलेला खळगा हाताने हळूच सारखा केला. “तीन वर्षं, दर नव्या गादीवर, दुसरी कूस बदलली की पारखी मला सगळं सांगायचे. जागेपणी तेवढं आज सांगितलं.”