दहाव्याचा घास

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या घरामागच्या डेकवर अण्णांच्या दहाव्याचं पान ठेवून तास झाला, तरी कावळा काही शिवेना. दोन कावळे कुंपणावर येऊन बसले होते, पण पानाकडे ढुंकूनही बघत नव्हते. रुचानं सासऱ्यांच्या आवडीचं सगळं रांधलं होतं, अगदी पुरणपोळीपासून अळूच्या फदफद्यापर्यंत. श्रीरंगनं हात जोडून 'अण्णा, तुमच्या नातवाला, आर्यला मराठी शिकवीन' असंही कबूल केलं. तरी नाहीच.

"अरे, अण्णा कोपऱ्यावरच्या थाय-चायनीजमध्ये जायचे ना अधूनमधून?" रुचाला आठवलं. "तिथलं काहीतरी घेऊन ये."

ते रेस्टॉरंट कित्येक वर्षं चोवीस तास उघडं असायचं आणि अख्ख्या गावाचं लाडकं होतं. श्रीरंगनं मात्र आज पहिल्यांदाच तिथे पाऊल टाकलं. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या मालकिणीला त्यानं मोबाइलमधला अण्णांचा फोटो दाखवला.

"हे वारले. यांना इथलं काय आवडायचं?"

मालकिणीनं ॲप्रनचं टोक डोळ्यांना लावलं. "टोफू घातलेला भात. रोज यायचे. वेळेचा काही नेम नसायचा. एकट्याला घास उतरत नाही म्हणायचे, मग माझा नवरा समोर बसायचा."

तिनं भाताचा डबा बांधून त्याच्या हातात दिला.

"मुलगा इंडियात असतो, वेळ जुळत नाही म्हणून बोलणं होत नाही, असं सांगायचे. त्या बिचाऱ्याला कुणी कळवलं का?"

डबा चांगलाच गरम होता. श्रीरंगनं तो तसाच घट्ट धरला.

"कळवतो," तो म्हणाला.